वाचकांचे प्रश्न : तंतू, रेझिन आणि त्यांच्यामधली सीमा

गेल्या अंकात ताग, अंबाडी, जवस, घायपात आणि काथ्या यांच्या तंतूंना रेझिनची, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची, जोड देऊन कंपोझिट, म्हणजेच संमिश्र पदार्थ, कसा घडवला जातो याची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख तंतूंवर आधी करायच्या प्रक्रियेकडे होता, म्हणून या वेळची सर्व जागा त्याच प्रश्नांना दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : मी ताग आणि इपॉक्सी रेझिन यांची पट्टी तयार केली. ताण देऊन पाहिल्यावर ती अपेक्षेपेक्षा खूपच कमी भाराला तुटली आणि तुटलेल्या कडेवर तागाचे तंतू केसांसारखे बाहेर आलेले दिसले. मार्गदर्शकांनी तंतूंना कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायला सांगितले आहे. त्याने नेमके काय होते? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : तुटलेली कड आपण लक्षपूर्वक पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर त्या कडेवरच आहे. ती पुन्हा एकदा भिंगाखाली, शक्य असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बाहेर आलेल्या तंतूंचा पृष्ठभाग स्वच्छ असेल, त्याला रेझिनचा कणही चिकटलेला नसेल आणि समोरच्या तुकड्यात तंतूच्या मापाची भोके दिसत असतील, तर तुमचा तंतू तुटलेलाच नाही. तलवार म्यानातून निघावी तसा तो रेझिनमधून निसटून आला आहे. कंपोझिटवर पडणारा भार आधी रेझिनवर येतो आणि दोघांच्या सीमेवरून तंतूकडे जातो. ही सीमाच कच्ची असेल, तर तंतू कितीही बळकट असला तरी त्याचे बळ कामाला येत नाही.

सीमा कच्ची का राहते, हे तंतूच्या घडणीवरून कळते. तागाच्या तंतूत साधारण ६० ते ७० टक्के सेल्युलोज असते आणि खरी ताकद त्याचीच असते. उरलेल्या भागात हेमिसेल्युलोज, लिग्निन, थोडे पेक्टिन आणि पृष्ठभागावरचा मेणचट थर असतो. आपण ज्याला एक तंतू म्हणतो तो वस्तुतः अनेक बारीक पेशींचा जुडगा असतो आणि लिग्निन व पेक्टिन त्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवतात. रेझिन ओतले की ते या मेणचट थरावर पसरते खरे, पण त्याला धरायला खाली काहीच मिळत नाही.

कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात तंतू बुडवल्यावर हे मेण निघून जाते, हेमिसेल्युलोजचा बराचसा आणि लिग्निनचा काही भाग विरघळतो. त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिनला धरायला खाचा मिळतात. सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या) उघडे पडल्यामुळे रेझिनशी रासायनिक जवळीक वाढते. जुडगे थोडे सुटे होऊन तंतू बारीक होतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या तंतूंना रेझिनशी भिडणारे क्षेत्रफळ जास्त मिळते.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एक सोपा प्रयोग करा. प्रक्रिया न केलेल्या आणि केलेल्या तंतूंच्या दोन चपट्या गाद्या शेजारी ठेवून प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब सोडा. कच्च्या तंतूंवर तो क्षणभर मोत्यासारखा थबकून राहतो, तर नीट धुतलेल्या तंतूंवर टेकताक्षणीच पसरून आत शोषला जातो. प्रयोगशाळेत स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोजून हीच गोष्ट आकड्यात मांडतात.

प्रश्न : काही ठिकाणी २ टक्के द्रावण सांगितलेले असते, काही ठिकाणी १० टक्के. तंतू जास्त तीव्र द्रावणात जास्त वेळ ठेवले तर पकड आणखी चांगली होईल का? (त्याच विषयावर आलेली चार पत्रे)

उत्तर : नाही, आणि हा मुद्दा मी जरा विस्ताराने मांडतो, कारण वाया गेलेल्या बहुतेक प्रयोगांचे मूळ याच समजुतीत असते. सोड्याची मात्रा वाढवत गेले तर तंतूची ताकद आणि पकड सुरुवातीला सुधारते, एका टप्प्याला सर्वोत्तम ठरते आणि मग घसरू लागते. घसरण्याचे कारण असे की पेशींना बांधून ठेवणारे लिग्निन प्रमाणाबाहेर निघून गेले म्हणजे जुडगा विस्कटतो, आणि तीव्र द्रावणात खुद्द सेल्युलोजच्या स्फटिकांची रचना बदलू लागते. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुती कापडावर हाच परिणाम पाहिला आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. सोड्याच्या या प्रक्रियेला मर्सरायझेशन हे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्यांचे द्रावण मात्र फार तीव्र होते, कारण कापडाचे गुण त्यांना बदलायचेच होते. कंपोझिटसाठी आपल्याला तंतूचा गाभा तसाच राखून फक्त पृष्ठभाग तयार करायचा असतो, त्यामुळे नाव एकच असले तरी दोन्ही कामे वेगळी आहेत.

तागासाठी किंवा अंबाडीसाठी ५ टक्के, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, सामान्य तापमानाला एक तास आणि तंतूच्या वजनाच्या वीसपट द्रावण, ही सुरुवात करायला सुरक्षित जागा आहे. तेथून मात्रा आणि वेळ दोन्ही बाजूंना थोडे थोडे सरकवून पाहावे. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे तो अधिक वेळ सहन करतो. जवसात लिग्निन अगदी थोडे असल्यामुळे त्याला सौम्य हाताळणी लागते. एका तंतूसाठी बसवलेली कृती दुसऱ्याला जशीच्या तशी लावू नये.

द्रावणावर नजर ठेवा. तंतू बुडवल्यावर काही मिनिटांतच ते पिवळसर दिसू लागते आणि तासाभरात काळ्या चहासारखे तपकिरी होते. हा रंग म्हणजे तंतूतून निघालेला माल होय. किती निघाला हे रंगावरून न ठरवता वजनावरून ठरवा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तंतू ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलले, तर घट नेमकी कळते. माझ्या मते प्रत्येक नोंदवहीत द्रावणाच्या टक्केवारीशेजारी या घटीचा रकाना असलाच पाहिजे, कारण दोन खेपांची तुलना त्याच आकड्यावरून खऱ्या अर्थाने होते.

धुण्यात घाई करू नये. साध्या पाण्याने अनेकदा खळबळल्यानंतर सुमारे १ टक्का अॅसिटिक आम्लाच्या पाण्यातून तंतू काढावेत आणि धुतलेल्या पाण्याचा सामू (pH) ७ च्या आसपास येईपर्यंत पुन्हा धुवावेत. तंतूत राहिलेला सोडा पॉलिएस्टर रेझिनवर पुढे हळूहळू घाला घालत राहतो. सुरक्षिततेविषयी दोन शब्द अत्यावश्यक आहेत : पाण्यात सोडा थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण द्रावण जोरात तापून उसळते. भांडे अॅल्युमिनियमचे नसावे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. चष्मा आणि हातमोजे याला पर्याय नाही.

प्रश्न : कॉस्टिक सोडा हाताळण्याची भीती वाटते. खाण्याचा सोडा चालेल का? (तंतुकाम करणाऱ्या एका गटाचे पत्र)

उत्तर : काही प्रमाणात चालतो. घायपाताचे तंतू खाण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या, १० टक्के द्रावणात काही दिवस बुडवून ठेवल्यास इपॉक्सीशी त्यांची पकड सुधारते, असे प्रयोगांतून दिसले आहे. हे द्रावण सौम्य असल्यामुळे तासाभराचे काम दिवसांवर जाते, मात्र हाताळणारी माणसे सुरक्षित राहतात आणि तंतू बिघडण्याची शक्यताही कमी होते. उत्पादन लहान असेल आणि घाई नसेल तर मी हाच मार्ग आधी आजमावून पाहीन.

प्रश्न : सिलेन, अॅसिटिलेशन, मॅलेइक अनहायड्राइड अशी अनेक नावे वाचली. यांपैकी कोणती प्रक्रिया सर्वांत चांगली? (संशोधक विद्यार्थी)

उत्तर : रेझिन कोणते आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा रेणू दोन हातांचा असतो. पाण्याशी संयोग झाल्यावर त्याचा एक हात तंतूच्या हायड्रॉक्सिल गटाला धरतो आणि दुसरा रेझिनला. हा दुसरा हात रेझिनला ओळखणारा हवा. इपॉक्सीसाठी अमिनो गट असलेले सिलेन जुळते, असंतृप्त पॉलिएस्टरसाठी व्हिनिल किंवा मेथाक्रिल गट असलेले. हा विचार न करता हाताशी असलेले सिलेन वापरले, तर खर्च होतो आणि गुण येत नाही.

पॉलिप्रॉपिलीन या उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकची अडचण वेगळी आहे. ते पाण्याला दूर लोटणारे, तंतू पाणी ओढून घेणारा, त्यामुळे नुसत्या सोड्याने या दोघांचे फारसे जमत नाही. तेथे मॅलेइक अनहायड्राइडची कलम केलेले पॉलिप्रॉपिलीन साधारण २ ते ५ टक्के मिसळतात. त्याचा अनहायड्राइड गट तंतूशी एस्टर बंध करतो आणि लांब शेपूट आजूबाजूच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतून बसते. यासाठी वेगळे द्रावण, धुणे, वाळवणे काहीच लागत नाही, कारण हा घटक यंत्रातच दाण्यांबरोबर टाकता येतो. कारखान्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

अॅसिटिलेशनचा हेतू पकडीपेक्षा पाण्याशी अधिक निगडित आहे. त्यात हायड्रॉक्सिल गटांच्या जागी अॅसिटिल गट बसतात आणि तंतूची पाणी ओढण्याची ओढ बरीच कमी होते. या क्रियेत अॅसिटिक आम्ल तयार होते आणि ते पूर्ण काढले नाही तर तयार वस्तूला व्हिनेगरचा वास येत राहतो.

प्रश्न : आम्ही भिंतीवर लावायचे तागाचे तक्ते तयार करतो. तंतूंना प्रक्रिया केलेली असूनही दमट हवेच्या दिवसांत तक्ते वाकतात, काहींच्या कडा फुगतात. आमचे कुठे चुकते? (लघुउद्योजक)

उत्तर : आपण पत्रासोबत तक्त्याचे रेखाचित्र पाठवले, त्यामुळे निदान सोपे झाले. दर्शनी बाजूला प्लास्टिकचा सजावटी थर आहे आणि मागची बाजू उघडी आहे. दमट हवेत मागची बाजू पाणी ओढून प्रसरण पावते, पुढची बाजू थराने बंद असल्यामुळे तेवढी पावत नाही, आणि तक्ता पुढच्या बाजूकडे वाकतो. यात तंतूंवरील प्रक्रियेचा दोष नाही. दोन्ही बाजूंना सारखाच थर द्या, आतली मांडणीही मध्यापासून दोन्हीकडे सारखी ठेवा, म्हणजे वाकणे बहुतांशी थांबेल.

कडा फुगतात त्या करवतीने कापलेल्या ठिकाणी. तंतूच्या आत पोकळ नलिका असते आणि कापलेल्या टोकाशी ती उघडी पडते. वात जसे तेल चढवते तशी ही नलिका पाणी आत ओढते. तागाचा तंतू सामान्य दमट हवेतच स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२ ते १४ टक्के ओल धरून बसतो. सोड्याची प्रक्रिया ही ओढ कमी करते, संपवत नाही. ओला तंतू जाडीने फुगतो, वाळला की आकसतो, आणि भोवतालचे रेझिन त्याच्याबरोबर तेवढे फुगत-आकसत नाही. असे अनेकदा झाले म्हणजे आपण कष्टाने घडवलेली सीमाच उसवते. म्हणून तक्ता कापल्यावर प्रत्येक कड, आणि स्क्रूसाठी पाडलेले प्रत्येक छिद्रसुद्धा, रेझिनने किंवा वॉर्निशने बंद करावे.

आपण तंतू साच्यात घालण्यापूर्वी ते वाळवता की नाही, याचा उल्लेख पत्रात नाही. हवेतली ओल घेतलेले तंतू तसेच गरम साच्यात गेले तर त्या पाण्याची वाफ होते आणि तक्त्यात बुडबुडे अडकतात. मी स्वतः एकदा रात्री वाळवलेले तंतू सकाळपर्यंत उघड्या ताटात ठेवून ही चूक केली होती. तक्ता वरून निर्दोष दिसत होता, पण कापल्यावर आत भाकरीसारखे पापुद्रे सुटलेले निघाले. तेव्हापासून ८० ते १०० अंश सेल्सियसला वाळवलेले तंतू बंद पिशवीत ठेवायचे आणि साचा तयार असेल तेव्हाच पिशवी उघडायची, हा नियम मी मोडलेला नाही.

प्रश्न : हे तंतू काचतंतूइतके बळकट असतात का? (विज्ञानशिक्षक)

उत्तर : निव्वळ ताणसामर्थ्य पाहिले तर नसतात. काचतंतूचे ताणसामर्थ्य २००० मेगापास्कलच्या वर असते, तागाचे साधारण ४०० ते ८०० मेगापास्कल. पण काचेची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५५ ग्रॅम आहे आणि ताग-जवसाची सुमारे १.४ ते १.५ ग्रॅम. कडकपणा वजनाच्या हिशेबात मोजला तर चांगल्या प्रतीचा जवस काचेच्या बरोबरीला येतो. तक्त्यासारख्या वाकणाऱ्या वस्तूत हलकेपणाचा फायदा आणखी वाढतो, कारण तेवढ्याच वजनात तक्ता जाड करता येतो आणि जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. म्हणूनच मोटारींच्या दारांची आतली आवरणे, सामान ठेवण्याचे तळ, आसनांच्या पाठी यांत हे तंतू रुळले आहेत. दाब सोसणारी टाकी किंवा सतत ओझे वाहणारी तुळई यांच्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

काथ्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. त्यातील सेल्युलोजचे सूक्ष्म धागे तंतूच्या अक्षाशी सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या कोनात स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात, तागात हा कोन ८ ते १० अंशांचाच असतो. त्यामुळे काथ्या कडक नसतो, पण तुटण्यापूर्वी खूप ताणला जातो आणि धक्का चांगला पचवतो.

प्रश्न : नायलॉनमध्ये हे तंतू मिसळता येतील का? तसेच आगीचे काय?

उत्तर : हेमिसेल्युलोज २०० अंश सेल्सियसच्या थोडे पुढे विघटित होऊ लागते आणि नायलॉन ६ वितळते ते सुमारे २२० अंशांना, त्यामुळे तंतू काळवंडतात आणि जळका वास येतो. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १७० अंशांना वितळते, म्हणून ते सोयीचे. आगीच्या बाबतीत हे तंतू ज्वलनशीलच आहेत. अमोनियम पॉलिफॉस्फेट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांसारखे घटक मिसळून आगीला विरोध वाढवता येतो, पण मिसळ वाढली की ताकद कमी होते, याचा हिशेब आधी करावा लागतो.

प्रश्न : असा पदार्थ ‘निसर्गात विरघळणारा’ म्हणून विकला जातो. ते खरे आहे का? (अनेक पत्रे)

उत्तर : बहुतेक वेळा खरे नाही, आणि ज्यांना या तंतूंविषयी आस्था आहे त्यांनीच हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते. अशा कंपोझिटमध्ये अनेकदा निम्म्याहून अधिक वजन रेझिनचे असते. ताग कुजतो, पण पॉलिप्रॉपिलीन किंवा घट्ट झालेले इपॉक्सी कुजत नाही.

याचा मोठा धडा पूर्व जर्मनीच्या त्राबांत मोटारीने दिला आहे. १९५७ पासून १९९१ पर्यंत त्स्विकाऊ येथे तयार झालेल्या या मोटारीच्या बाहेरच्या आवरणात कापसाचा टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझिन वापरलेले होते. तंतू शेतातला होता, आवरण गंजतही नव्हते, पण मोटारी भंगारात निघाल्या तेव्हा ते आवरण वितळवता येईना आणि कुजेना. पॉलिप्रॉपिलीनचा पदार्थ पुन्हा वितळवता येतो, मात्र प्रत्येक खेपेला तंतू आखूड होतात. पॉलिलॅक्टिक आम्लासारखे वनस्पतिजन्य प्लास्टिक वापरले तर सुमारे ६० अंश तापमान राखणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात ते विघटित होते, साध्या मातीत मात्र फार काळ टिकून राहते.

मग लाभ कोठे आहे? जवसाच्या तंतूंची गादी तयार करायला किलोमागे सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा लागते, काचतंतूंच्या गादीला ५० मेगाज्यूलहून अधिक. वाहन हलके झाल्याने इंधन वाचते. शेवटी जाळून ऊर्जा मिळवायची झाली तर काच मागे उरते, वनस्पतिजन्य तंतू जळून जातो. हाताळणाऱ्यांच्या त्वचेला काचेची कुसे टोचत नाहीत. याच्या दुसऱ्या बाजूला पिकाची खते आणि पाणी, तंतू सोडवण्यासाठी खोडे कुजवताना दूषित होणारे पाणी आणि प्रक्रियेचे ते तपकिरी द्रावण ठेवायला हवे. हे द्रावण सामू न बदलता आणि त्यातील सेंद्रिय भार कमी न करता ओढ्यात सोडले, तर तंतूने वाचवलेले पुण्य तेथेच खर्ची पडते. सोड्याची भर घालून तेच द्रावण काही खेपा वापरता येते आणि त्याने पाणी व सोडा दोन्ही वाचतात. ज्या वस्तूला सौम्य प्रक्रियेने काम भागते तिला तीव्र प्रक्रिया देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : एकाच गठ्ठ्यातला ताग, तीच कृती, तरीही दर खेपेला निकाल वेगळे येतात. कशावर विश्वास ठेवावा? (पहिल्या प्रश्नकर्त्या विद्यार्थिनीचेच दुसरे पत्र)

उत्तर : तंतू झाडाच्या बुडातला की शेंड्यातला, खोड किती दिवस कुजवले, पीक किती पक्व होते, या सगळ्यांनी त्याची ताकद बदलते. शिवाय तंतूचा छेद गोल नसतो आणि जाडी लांबीभर सारखी नसते, त्यामुळे एका जागी व्यास मोजून काढलेले सामर्थ्य फसवे ठरते. प्रत्येक तंतूचा व्यास पाच-सहा ठिकाणी मोजा, निदान २० ते ३० तंतू तपासा आणि सरासरीबरोबर विखुरणेही नोंदवा. गठ्ठा उघडला की बुडाकडचा आणि शेंड्याकडचा ताग आधी वेगळा करा, दोन्हींची प्रक्रिया स्वतंत्र करा, आणि चाचणीच्या दिवशी खोलीतील आर्द्रता किती होती हे निकालाशेजारीच लिहून ठेवा. आपल्या पुढच्या पत्रात हे दोन्ही निकाल वेगवेगळे आले तर मला त्यावर नेमके काही सांगता येईल.